उकंडरावानं मारलेली लांडगी

धाड गावच्या बाजारात उकंडराव दिसला की बाया कडेवरच्या लेकरांना त्याच्याकडं बोट करून दाखवत. लांडगी झालेली चेटकीण एका गोळीत लोळवणारा तो हाच. लांडगी वळूएवढी होती, डोळ्यांतून जाळ निघायचा, मरताना माणसासारखी बोलली, असं काय काय लोक सांगत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या दिवसांतली ही गोष्ट.

बाजाराला ठाऊक नव्हतं ते असं की उकंडराव माळकरी होता. मटणाचा वास आला तरी दुसऱ्या गल्लीनं जायचा. बंदूक त्याच्या सासऱ्याची, डुकरं हाकायला मिळालेली, ठासणीची. तिचा बार काढताना तो दोन्ही डोळे मिटून घेई.

त्या उन्हाळ्यात देऊळघाटाकडच्या त्याच्या गावातली लेकरं जाऊ लागली. आधी शेताच्या धुऱ्यावर झोळीत निजवलेलं एक तान्हं गेलं. मग कोकिळेचा मुलगा. कोकिळा नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यात वाकून पाणी भरत होती. वळून पाहिलं तर वाळूत नुसती टोपी. रानभर माणसं फिरली, हाती काही लागलं नाही. रामराव पाटील चावडीवर म्हणाला, "लांडगा असा हुडकून हुडकून पोरं नेत नसते. याच्यात कोन्या बाईचा हात हाये."

उकंडरावानं गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आणि ओढ्याकाठच्या झाडावर जाऊन बसला. दिवेलागणीला लांडगी पाण्यावर आली. त्यानं बार काढला. ती कोलमडली, उठली आणि लंगडत झुडपात शिरली. अंधारात मागं जाण्यात अर्थ नव्हता.

सकाळी चावडीवर सगळे त्याचीच वाट पाहत होते.

"कुठं लागली?" पाटलानं विचारलं.

"मागच्या उजव्या पायाले. लंगडत गेली."

त्याच वेळी डोक्यावर घागर घेऊन बनाबाई समोरून आली. गावाबाहेर एकटी राहणारी विधवा. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. उजव्या टाचेला चिंधी बांधलेली, आणि ती लंगडत होती. चावडीवरच्या सगळ्या नजरा तिच्या टाचेवर गेल्या. बनाबाई थांबली.

"काऊन पाहून राह्यले रे सारे माह्याकडं?"

कोणीतरी तिची घागर उतरवली, कोणीतरी चिंधी सोडली. टाचेत भोक होतं आणि त्यात पू झाला होता.

"बाभळीचा काटा हाये तो," उकंडराव म्हणाला. "छर्रा असा लागत नाही. कालची जखम एका रात्रीत पिकत नाही. मी लांडगी आनून दाखवतो. तोवर इले हात लावू नका."

"जा," पाटील म्हणाला. "तोवर बसवतो इले इथंच."

निघताना त्यानं मागं पाहिलं. बनाबाई खांबाला टेकून बसली होती. "लौकर ये रे बाप्पा," ती म्हणाली, "मले शेळी सोडाची हाये."

तो जवळजवळ पळतच गेला. रक्ताचे थेंब खडकावर वाळले होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका कपारीत लांडगी सापडली. कुत्र्याएवढीच, बरगड्या निघालेल्या, पोटाशी पिल्लं पीत होती. तिला उठता येईना. तिनं नुसते दात दाखवले. घाईत दारू सांडली होती, बंदूक उडाली नाही. त्यानं कुऱ्हाडीनं मारली. मग पिल्लंही मारली, कारण शंकेला जागा ठेवायची नव्हती. कपारीच्या मातीत कोकिळेच्या मुलाचा करगोटा पडला होता. तो त्यानं कमरेला खोचला, लांडगी खांद्यावर टाकली आणि गाव गाठलं.

दिवस कलला होता. वेशीतूनच डफड्याचा आवाज आला. त्याला पाहताच वाजवणाऱ्यांनी जोर धरला, कोणी हार आणला. चावडीच्या मागं बनाबाई पडली होती. आधी तिचे दात पाडले होते, मंत्र म्हणता येऊ नये म्हणून. मग पाय मोडला होता. पुढं काय काय केलं ते पाहून त्यानं मान फिरवली.

"तू मारली तवा ऊन डोक्यावर होतं ना?" पाटलानं विचारलं.

"हाव."

"तवाच इचा जीव गेला. सारं गाव पाहून राह्यलं होतं."

उकंडरावानं लांडगी खाली टाकली. करगोटा कोकिळेपुढं धरला. "हा कपारीत होता. लांडगीच होती ती. बनाबाईनं तुह्यं पोर जन्माले आनलं होतं."

कोकिळेनं करगोटा छातीशी धरला आणि त्याच्या पाया पडली. "म्हनूनच तिले त्याचा वास ठाऊक होता, दादा."

दोन दिवसांनी फौजदार आला, तोवर प्रेत विहिरीत गेलेलं. उकंडरावानं कोणी कोणी मारलं ते नावानिशी सांगितलं. नावं घेतलेली माणसं समोरच उभी होती. पाटलानं त्याच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "त्या लांडगीनं झपाटलंय याले, साहेब. आमीच सांभाळून राह्यलो." बाई पाय घसरून पडली, असं कागदावर आलं. जाताना फौजदारानं लांडगीचं कातडं मागून नेलं.

गावानं उकंडरावाला वाळीत टाकलं नाही. टाकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. लग्नात पहिला टिळा त्याला, पंगतीत पहिलं पान त्याला. पाणवठ्यावर त्याच्या बायकोला, मनकर्णाबाईला, बाया वाट करून देत. "लोक मान देऊन राह्यले," ती म्हणे, "तुमी तोंड पाडून काऊन बसता?" माळ खुंटीलाच होती.

पुढच्या वर्षी अमडापूरकडून एक जीप आली. चांगले फेटेवाले लोक उतरले. त्यांच्या गावातही लेकरं जात होती.

"जनावर हुडकाचं काम नाही," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "दोन बाया हायेत. तुमी फक्त कोन्ती ते दाखवा."

उकंडराव उठला, आतून बंदूक आणली आणि दारातल्या दगडावर आपटू लागला. दस्ता फुटला, नळी वाकली, हात रक्ताळले. मनकर्णाबाई रडू लागली. पाहुणे मागं सरले.

"येता का नाही तेवढं सांगा," म्होरक्या म्हणाला.

त्यानं मान हलवली, नाही म्हणून, पुन्हा पुन्हा; म्होरक्यानं दोघींची नावं घेतली तेव्हाही ती हलतच होती. जीप निघून गेली.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो धाडच्या बाजारात मिरच्या विकायला बसला होता. अमडापूरकडच्या एका व्यापाऱ्यानं त्याला ओळखलं आणि हात जोडले. त्यांच्या गावचा प्रश्न मिटला होता. दोघींपैकी थोरलीला आणून उभं केलं होतं, मग गावानं काय ते पाहून घेतलं.

"पन थोरलीच कशावरून?" उकंडरावानं विचारलं.

"तुमीच सांगतलं ना," तो माणूस म्हणाला. "आमच्या लोकांनी दोघींची नावं घेतली, अन् तुमी थोरलीच्या नावावर मान हलवली."