तंतोतंत जुळणारी सही

सिंगापुरातल्या पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात सह्या तपासणारं सॉफ्टवेअर बनत होतं. परदेशातल्या एका राज्यात नवा पक्ष काढायचा तर मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो. अर्जावरची सही मतदार नोंदणीतल्या सहीशी जुळते का, हे आधी आम्हीच डोळ्यांनी तपासून शिकायचं होतं.

यात शिकायचं काय, असं मला वाटलं. माझे वडील पुण्यात बँकेत होते. पहिलं खातं उघडताना त्यांनीच मला सही बसवून दिली आणि रोज घोटून घेतली. वळण जरा हललं की म्हणायचे, "अशाने चेक परत येईल."

म्हणून मी तंतोतंत जुळणाऱ्या सह्या पास केल्या, बाकीच्या नापास. आमच्या सिंगापुरी मॅनेजरबाईंनी माझे बरेच निकाल उलटवले. म्हणाल्या, "कोणीही दोनदा हुबेहूब सही करत नाही. इतकी जुळते म्हणजे बघून काढलेली."

माझं डोकंच चालेना. जुळली तरी खोटी, नाही जुळली तरी खोटी, मग आम्ही तपासत काय होतो?

मग त्यांनी आम्हाला दोन-दोन सह्या करायला लावल्या. काहींनी दुसरी सही शेजाऱ्याची बघून काढायची होती. मी दोन्ही माझ्याच केल्या. बाईंनी माझ्या कागदावर लिहिलं, नक्कल.

"दोन्ही माझ्याच आहेत," मी चिडून म्हणालो.

"मग मूळ कोणाची?" त्या हसल्या.

मी कागद पुन्हा पाहिला. वडिलांची सही अगदी तशीच होती, फक्त पहिलं अक्षर वेगळं.