मेनू बोलून राहिला का?

इंगळे काकांना मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यांनी ना नाव विचारलं, ना गाव. हॅलोसुद्धा नाही. पलीकडून जाडसर आवाज आला, "बोल. तू आत्ता कुठं आहेस?" मी म्हटलं, शंकर नगरात, घरी. तर हसायलाच लागले. "अवं बाई, घर नाही विचारलं. कर्सर कुठं आहे?" मी मुळात चिडकी. त्यात त्या दिवसांत कुणीही हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटायचं. कर्सर कुठं आहे ते दिसत असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता, असं मी फाडकन बोलले. काका जराही दुखावले नाहीत. म्हणाले, "मले तरी कुठं दिसते? म्हनूनच विचारा लागते. आधी कुठं आहो ते पाय, मंग कुठं जाचं ते ठरव."

माझे डोळे लहानपणापासूनच अधू होते. आधी संध्याकाळनंतर दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचं. वर्ध्याहून लग्न करून रायपूरला आले तेव्हा पेपरातले मथळे तरी वाचता येत होते. नवा रायपूरमध्ये एका संस्थेत नोकरी लागली आणि दोन-चार वर्षांत तेही गेलं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका बाईंनी काकांचा नंबर दिला. म्हणाल्या, चौबे कॉलोनीत एक आंधळे गृहस्थ आहेत, आपले मराठीच आहेत, कॉम्प्युटर बोलेनासा झाला की फोनवरून बोलता करतात.

कॉम्प्युटर बोलतो म्हणजे काय, ते सांगायला हवं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. काका त्याला 'बोल्या' म्हणत. माउस आमच्या कामाचा नाही. बटणं दाबत जायचं आणि बोल्या सांगेल तसं पुढं सरकायचं. पण मेनू उघडला आणि बोल्या गप्प बसला, तर माणूस अनोळखी घरात मध्यरात्री लाइट गेल्यासारखा जागच्या जागी उभा. असे सगळे उभे राहिलेले लोक काकांना फोन करायचे. धमतरीचे एक मास्तर, बिलासपूरची एक कॉलेजातली मुलगी, आणखी कोण कोण. काका त्यांच्याशी हिंदीत बोलत, मधूनच 'हव, हव' करत छत्तीसगढीत शिरत, आणि अडचण सुटली की सगळ्यांना एकच म्हणत, "लो, लाइन जुड़ गई."

कारण काकांची सारी नोकरी रेल्वेच्या टेलिफोन खात्यात गेली होती. मुकी पडलेली लाइन कानाला लावून फॉल्ट कुठं आहे ते शोधायचं, हाच धंदा. रिटायर झाले आणि साखरेनं डोळे खाल्ले. तिनं नंतर बोटांची टोकंही सुन्न केली, त्यामुळे ब्रेलचे ठिपके लागायचा प्रश्नच नव्हता. उरले होते ते कान. काका स्वतःच म्हणत, "आता आपली सारी इस्टेट कानात आहे वं." पेपर कानानं, बँकेचं काम कानानं, पुण्याच्या मुलाची मेल कानानं. बोल्याचा वेग इतका वाढवून ठेवलेला, की दुसऱ्याला कढईत फुटाणे उडाल्यासारखं वाटावं. काकांना त्यातला शब्द न् शब्द कळे. बोल्याचा आवाज हिंदी होता, त्याला 'ळ' काही जमत नसे. इंगळेंना तो इंगले म्हणे. काका म्हणत, "जाऊ दे, माह्या नातवायलेही नाही जमत."

शिकवायची त्यांची रीत बोलण्यातच होती. मी घाबरून धडाधड बटणं दाबली की म्हणत, "हळू. तू घाबरली की बोल्याही घाबरते." एस्केपचं बटण दाबायची मला लाज वाटायची, हरल्यासारखं व्हायचं. त्यावर म्हणाले, "एस्केप म्हंजे पळून जानं नाही वं, घरी वापस येनं होय." आणि मेनू बोलेनासा झाला की त्याच्याशी झटत बसायचं नाही. दुसऱ्या खिडकीत जायचं, क्षणभर थांबायचं, परत यायचं. बहुतेक वेळा तो आपोआप बोलायला लागे. "मेनू म्हंजे काही रुसलेला जावई नाही. पाया पडत बसू नको. बाहेर फिरून ये, येते बरोबर रस्त्यावर."

एकदा आमच्या ऑफिसात फायली पाठवायचं नवीन सॉफ्टवेअर आलं. त्याचे मेनू माउस टेकवल्याशिवाय उघडतच नसत. माझा बोल्या तिथं मुका. साहेब भले होते, तेच तर वाईट झालं. मॅडम, आप आराम से बैठिए, काम हम देख लेंगे, असं ते म्हणाले. मी जिन्यात उभी राहून काकांना फोन केला आणि ढसाढसा रडले. त्यांनी रडू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "झालं? आता सांग, तू कुठं आहेस?" दुपारभर आम्ही झगडलो. माउसचा बाणसुद्धा बटणांनी ओढून त्या शब्दावर नेता येतो, हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. बाण नेला, दाबलं, आणि बोल्या म्हणाला, 'सबमेनू.' मला इतका गोड शब्द आयुष्यात कुणी ऐकवला नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या फायली मीच पाठवू लागले.

काकूंना या सगळ्याचा वैताग होता. कधी फोन त्यांनी उचलला आणि काकू, मेनूचा प्रॉब्लेम आहे असं मी म्हटलं, की त्या सांगत, "इथं आज वांगे अन भाकर आहे. दुसरा पाहिजे असन तं फोन आमच्या मानसाले देते." पण काकांचा फोन कधी बंद पडू दिला नाही त्या बाईनं. चार्जरला लावायचं काम त्यांचंच.

मग एका हिवाळ्यात उलटंच झालं. काकांनीच मला फोन केला. म्हणाले, बोल्या बिघडला. पेपर नीट वाचते, मेल नीट वाचते, फक्त मेनूत गेलं की पुटपुटते. मी त्यांचेच उपाय त्यांना सांगितले. बाहेर जाऊन या, परत सुरू करा. ते सगळं त्यांनी आधीच करून पाहिलं होतं. आठवड्यानं पुन्हा फोन आला. जुनी आवृत्ती टाकून पाहिली, तेच. बाईचा आवाज लावला, तेच. मुलानं नवीन लॅपटॉप पाठवला, त्यातही तेच. मला नवल वाटलं. असा मेनूपुरता बिघाड मी ऐकला नव्हता. काका म्हणाले, "रविवारी येऊन जा वं. तू एकदा पाहून घे."

रविवारी सकाळी ऑटोनं गेले. काकूंनी दार उघडलं, हाताला धरून आत नेलं आणि नेता नेता हळूच म्हणाल्या, "याहिले आजकाल कुकरच्या शिट्ट्या ऐकू नाही येत." मी त्याचा काही अर्थ लावला नाही. काका खुर्चीत बसले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं, हेडफोन माझ्या कानाला लावले आणि म्हणाले, "दाब."

मी बटण दाबलं. 'फाइल, सबमेनू.' खाली गेले. 'न्यू.' 'ओपन.' 'सेव्ह.' 'प्रिंट.' स्वच्छ, ठणठणीत. आणि वेग इतका कमी, की माझ्या सासूबाईंनाही कळला असता. फुटाणे उडवणारे काका हा असा रांगता वेग कधीपासून लावायला लागले? मी हेडफोन काढून आवाज मोकळा केला, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा. पुन्हा खाली गेले. बोल्या म्हणाला, 'प्रिंट.' मी विचारलं, काका, काय म्हणाला?

"तेच तं सांगून राहिलो. रिन का हिन, काहीतरी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पेपरातल्या वाक्याला मागचा-पुढचा आधार असतो. चार शब्द निसटले तरी पाचव्यावरून माणूस जुळवून घेतो. काका जुळवून घेत होते, स्वतःच्या नकळत. मेनूत मात्र एकच शब्द येतो, एकटा, आणि त्याला मागंपुढं काही नसतं. तिथं जुळवता येत नाही. तिथं ऐकूच यावं लागतं. मेनू बिघडला नव्हता. काकांची सारी इस्टेट चालली होती, आणि ते सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसले होते.

काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

काका म्हणाले, "खरं सांग वं. मेनू बोलून राहिला का?"

खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. पण पडद्यावर काय आहे ते आंधळ्याला खोटं सांगायचं नाही, हा आम्हा लोकांत एक नियम आहे. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हटलं, "बोलून राहिला, काका. चांगला बोलून राहिला."

मग त्यांनी लॅपटॉप अंदाजानं मिटला. "आवाज बदलला, मशीन बदललं. मानूस बदलाचा राहिला होता, म्हनून तुले बोलावलं. मंग लाइन बरोबर आहे. फॉल्ट आपल्याच टोकाले आहे." आणि काकूंना म्हणाले, हिला चहा दे.

पुढं डॉक्टर झाले, कानातलं मशीन झालं. हेडफोन लावला की ते मशीन शिट्टी मारायचं, आणि ती शिट्टीही त्यांना ऐकू येत नसे, काकूच ओरडत. काही महिने त्यानं तगले. मग पेपरातली वाक्यंही जुळेनाशी झाली. काकांनी येणारे फोन माझ्याकडे वळवले. धमतरीचे मास्तर मला म्हणाले, दीदी, सर नाराज हैं क्या हमसे? मी म्हटलं, नाही हो मास्तर, सर थकले आहेत. असं म्हणताना मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. डोळे नेले, बोटं नेली, त्यावर त्या माणसानं हूं की चूं केलं नव्हतं. उरलेलं एवढं एक होतं, ते तरी सोडायचं होतं.

शेवटी काकूंनी तोड काढली. लहानपणी आपण एकमेकांच्या पाठीवर बोटानं लिहून ओळखायला लावायचो, तसं त्या काकांच्या पाठीवर लिहू लागल्या. मोठं मोठं अक्षर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. शब्द पुरा झाला की वरून रेघ. चौथीपर्यंत शिकलेल्या काकू, आयुष्यात किराण्याच्या चिठ्ठीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. आता सकाळ-संध्याकाळ लिहीत होत्या. कोण आलं, कोण गेलं, मुलाचा फोन आला, डोळ्यात औषध घालते. मी गेले की मलाही लिहायला लावत. एकदा काकांनी, ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्यानं, मला विचारलं, "ऑफिसात तुहं काम तं नाही ना काढून घेतलं कोनी?" मी त्यांच्या पाठीवर लिहिलं, नाही. वरून रेघ ओढली. ते म्हणाले, "मंग ठीक आहे," आणि कूस बदलली.

त्यानंतर किडनी गेली, अंथरूण धरलं, आणि पुढच्या थंडीत काका गेले. मी तेराव्याच्या आधी एका दुपारी काकूंना भेटायला गेले. पाहुणे झोपले होते. काकू माझ्याजवळ बसून तांदूळ निवडत होत्या. शेवटचे काही दिवस काका काहीच बोलत नव्हते, असं त्यांनी सांगितलं. पाठीवर लिहिलेलं वाचत होते की नाही, तेही समजत नव्हतं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलं?

"लिहीत होती. समजो का ना समजो. घरात मानूस आहे अन त्याले काही सांगाचंच नाही, असं कसं करू?"

काका गेले त्या सकाळी बराच वेळ धुकं होतं, मग ऊन आलं. काकूंनी खिडकी उघडली, काकांना कुशीवर वळवलं आणि लिहायला बसल्या, 'बाहेर ऊन पडलं.' मधेच त्यांच्या बोटाखालची पाठ हलायची थांबली.

मी विचारलं, कुठपर्यंत लिहून झालं होतं?

"ऊन झालं होतं, अन पड झालं होतं," काकू म्हणाल्या. सुपातले तांदूळ निवडायचे त्यांचे हात थांबले नव्हते. "लं राहिलं होतं."

"मग?"

"मंग काय. लिहिलं वं. अर्धा शब्द कसा सोडू?"