“तुमी म्हनाल तसं!”

आमच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते स्वतःच केसपेपर काढून, नंबर लावून येतात! मी धाराशिवच्या एका छोट्या दवाखान्यात समुपदेशक आहे. म्हणजे डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं पेशंटला सोपं करून सांगायचं, फायदे-तोटे समजावायचे आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा. सोपं वाटतं ना? साधी चप्पल घेताना चार दुकानं फिरणारा माणूस, ऑपरेशन म्हटलं की हात जोडून मोकळा होतो. “तुमी म्हनाल तसं!”

*

तेरचे एक आजोबा. गुडघा बदलायचा की गोळ्या-व्यायामावर चालवायचं, असा प्रश्न. मी घसा कोरडा पडेपर्यंत दोन्ही बाजू सांगितल्या. आजोबा सावकाश मॅडमकडं वळले.

“ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या वडलांचा गुडगा असता तर काय केलं असतं?”

मॅडम म्हणाल्या, “माझ्या वडलांचा गुडघा दुखला तेव्हा त्यांनी मला नाही, आमच्या कंपाउंडरला विचारलं!”

“मग त्येलाच बोलवा की!”

*

तुळजापूरचे एक लॉजवाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं की थांबावं या विचारात. मी सांगितलं, “बहुतेकांचं व्यवस्थित होतं, एखाद्यालाच नंतर त्रास होतो.”

“ह्यो एखादा कोनच्या तालुक्यातला असतो?”

“असं सांगता येत नाही, काका.”

काकांनी जरा विचार केला. “मग आधी माझ्या मेव्हण्याचं करा. त्यो एखादा निघाला, की म्या सुटलो!”

*

तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर होतं. गालात तंबाखूचा बार भरलेले एक गृहस्थ समोर येऊन बसले.

“ताई, काय न्हाय निघालं तर तंबाखू चालू ठिवता यील का?”

“नाही, तरी सोडायचीच.”

“आन् निघालं तर?”

“मग तर सोडायचीच!”

“मग तपासून माझा फायदा काय?”

फायदा काय, ते मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा कुठं बार थुंकून त्यांनी “आ” केला.

*

येरमाळ्याहून एक जीप भरून माणसं आली. मुतखड्याची केस. काका, मामा, मेव्हणे, जावई, खोलीत पाय ठेवायला जागा नाही! मी समजावलं, खडा लहान आहे. पाणी आणि औषधानं पडतो का बघता येईल, नाहीतर काढता येईल. मग अशी काही चर्चा पेटली की विचारू नका. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि मामांनी निकाल जाहीर केला. “काढायचा!”

“बरं,” मी म्हटलं, “यात पेशंट कोण?”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पेशंट खाली जीपमध्ये, सामान राखत बसला होता! मी खाली गेले, निकाल सांगितला आणि विचारलं, “तुमचं काय मत?”

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. “मघाशी ढाब्यावर थांबलो तवाच पडला की खडा!”

“अहो, मग सांगितलं का नाही?”

“मला कुनी इचारलंच न्हाय!”

*

पण सगळ्यांत भारी किस्सा सविताचा. नवरा ज्ञानू मेंढरं राखणारा. सविताला महिन्याच्या महिन्याला फार रक्त जायचं, चेहरा पांढरा पडला होता. मॅडमनी तपासण्या करून सांगितलं की भीतीचं काही नाही, मार्ग तीन आहेत. एक, गर्भपिशवी काढणं. दोन, काही महिने गोळ्या. तीन, थोडं थांबून बघणं.

सासूबाईंनी मॅडमना पुढं बोलूच दिलं नाही. “काढून टाका! आमच्या गल्लीत समद्यांनी काढली. म्या बी काढली. मला कुनी इचारलं व्हतं का?”

मॅडम म्हणाल्या, “आम्ही हिला विचारतोय. सविता, तू सांग.”

सविता कसली सांगते? सासूसमोर सुनेनं तोंड उघडायची त्यांच्यात रीत नाही. पदर तोंडात धरून ती जमिनीकडं बघत राहिली. मला इतका राग आला की बोलायची सोय नाही. ही अशीच गप्प बसली, तर संध्याकाळपर्यंत घरचे ठरवून मोकळे होणार, हे दिसत होतं.

तेवढ्यात ज्ञानूनं खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या हातावर टाकला आणि बायकोपुढं धरला. बाजारात मेंढरांचा सौदा असाच होतो. टॉवेलखाली बोटं धरायची, भाव आपोआप कळतो, आजूबाजूच्यांना पत्ता नाही!

“म्याडमनी सांगितल्यातला तुला पायजे त्यो आकडा धर,” तो म्हणाला.

सविताचा हात टॉवेलखाली गेला. ज्ञानूनं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

“दोन! गोळ्या.”

“आरं, पर मला न इचारता…” सासूबाई उसळल्या.

“आये, बोटं धरली. सौदा झाला!”

सासूबाईंचा सगळा जन्म मेंढरांच्या बाजारात गेलेला, झालेला सौदा त्या कशा मोडणार? त्यांनी सुनेकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, मग खुर्ची ओढून मॅडमच्या अगदी समोर बसल्या.

“आता नीट सांगा, गोळ्या जेवायच्या आधी का नंतर? हिच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाय, म्याच देनार हाय!”