मातीचे डोहाळे

"थुंक! इथंच, सगळ्यांसमोर थुंक."

मी थुंकले. तोंडातून माती पडली. शिरगावच्या वाडीत शेठाणीकडं कामाला होते मी. गोठ्याच्या भिंतीचा पोपडा खरवडून खाल्ला होता. पहिलटकरीण होते, सातवा चालू होता. जीव मातीवर जायचा, त्याला मी काय करू?

"हावरट जात मेली! भिंतीपण सोडत नाहीत," शेठाणी म्हणाली. कामाच्या बाया फिदीफिदी हसल्या. आमच्याच पाड्यावरच्या.

शेठाणीची लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचापण जीव मातीवरच. तिच्यासाठी पालघरच्या बाजारातून भाजकी माती यायची, पुडीत बांधून. शेठाणी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "डोहाळे लागलेत हो आमच्या ताईला!"

मी जळायची. खोटं कशाला बोलू? तिच्या दुधावर जळायची, खारकांवर जळायची, दुपारच्या झोपेवर तर लईच. मला भात कांडताना धाप लागायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. नवरा तारापूरला, वीजघराच्या बांधकामावर दगड उचलायला गेलेला. सांगू कोणाला?

एक दिवस नर्सबाई ताईला बघायला आली. ओटीवर बसून तिची पापणी खाली ओढली. म्हणाली, "अंगात रक्त कमी आहे. म्हणून माती खावीशी वाटते. या लोहाच्या गोळ्या घ्या."

मी अंगणात कांडत होते. मुसळ वरच्या वर थांबलं. म्हणजे मी हावरट नव्हते! आजारी होते.

ओटीवर आमच्या लोकांनी पाय ठेवायचा नाय, अशी रीत. मी मुसळ टाकलं नि चढले. "बाई, माजीपण पापणी बघा."

"खाली उतर!" शेठाणी किंचाळली. "यांच्या बायका रानात बाळंत होतात नि परत कामाला लागतात. यांना काय धाड भरलीय?"

"माजी आय माज्या पाठच्या भावाच्या वेळी रानातच मेली," मी म्हटलं. "नाय उतरत."

नर्सबाईनं पापणी ओढली. तिचा चेहराच बदलला. "हिचं तर ताईपेक्षा कमी आहे," म्हणाली नि माज्या हातावर गोळ्या ठेवल्या. शेठाणीनं त्याच पावली कामावरनं काढलं.

पोरगी जगली. मीपण जगले. पण माजी ती आग विझली नाय, नि मला ती विझवायची नाय. आता पाड्यावरची कोणी पोटुशी धापा टाकायला लागली का मी तिला दवाखान्यात नेते. कोणी मागं सारली तर भांडते. लोक मला भांडकुदळ म्हणतात, म्हणू देत. जे त्यांच्या लेकीला, तेच आमच्या लेकीला. एक गोळीपण कमी घेणार नाय.