येळवशीची हाक

आज येळवशीचा, म्हणजे वेळा अमावस्येचा सण. शेतात आंबिलीच्या गाडग्यावरचं फडकं काढलं आणि ताक-लसणाचा तोच आंबूस वास आला.

लहानपणीच्या एका येळवशीला असाच वास होता, तेव्हा मी चौथीत होते. माझे वडील, अप्पा, पिकावर आंबील शिंपडत पुढं चालले होते. पीक भरभरून यावं म्हणून मागून रानाला हाक द्यायचा मान भावाचा, पण त्याचा घसा बसलेला. थोरली अक्का म्हणाली, "तू दे की गं. भ्यायलीस कामून?"

मी हाक दिली. शेजारच्या रानातून उलटी हाक आली. अप्पा मागं न बघताच म्हणाले, "पुरं. पोरीचा आवाज बांधाच्या पल्याड जाऊ नये."

आज माझी लेक हाका देत फिरायलीय. "आई, तू बी दे की."

मी तोंड उघडलं, नुसता श्वास आला. वाईटसुद्धा वाटलं नाही, इतकी न बोलावण्याची सवय झालेली. तिला आंबील वाढली आणि म्हणलं, "तूच दे. अजून मोठ्यानं."