किरकिरणारी कॅसेट

मंडळी, आज दुपारी माझा धाकटा भाऊ संज्या माळा आवरताना सापडलेली एक कॅसेट घेऊन घरी आला.

सत्त्याऐंशी साल असेल. आमच्या कोल्हापूरच्या घरात टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर होता. त्यातलं सगळं कॅसेटवर साठवायचं; ती कॅसेट नुसती वाजवली तर किरकिरच ऐकू यायची. वर्षभर लिहिलेले प्रोग्रॅम मी दोन कॅसेटवर ठेवले होते, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून.

पहिलीची टेप टेपरेकॉर्डरनं गिळली. दुसरी आणायला आत गेलो, तर संज्या घरातला दुसरा टेपरेकॉर्डर लावून तिच्यावर स्वतःची हलगी रेकॉर्ड करत बसलेला.

"वाजवून बघितली की. नुसती किरकिरत हुती, म्हटलं बिघडलीया."

मी त्याच्या हातातलं हलगीचं टिपरू हिसकावलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. पुढचा दात पडला. तो रक्त थुंकत अंगावर आला, तसं मी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. रेकॉर्डिंग चालूच होतं.

आज त्याच कॅसेटवर ते सगळं ऐकलं. हलगी, मग मार, त्याची किंकाळी आणि आईचं ओरडणं. "आरं मुडद्या, सोड त्येला. मरंल त्यो."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही.

संज्या म्हणाला, "दादा, परत लाव."

माझे प्रोग्रॅम गेले ते गेलेच. या मारामारीच्या मात्र आज दोन कॉप्या काढल्या, एक त्याच्याकडं, एक माझ्याकडं.

तुमच्या आईचा आवाज आहे का कुठं साठवलेला? शिव्या असल्या तरी चालतील.