पाठ झालेली अक्षरं

चाचांच्या चष्म्याच्या दुकानात मी लागले ती बायकांच्या कानांसाठी. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, कचेऱ्यांवर ताज्या रंगाचे बोर्ड लागत होते आणि दुकानात गर्दी वाढली होती. "जिल्हा झाला आन् सगळ्यांची नजर उतरली," चाचा गिऱ्हाइकाला म्हणायचे. पण बुरख्यातल्या बाया काय, लिंगायतांच्या सुना काय, परक्या पुरुषाला कानामागे हात लावू द्यायच्या नाहीत. काडी ढिली राहायची, चष्मा नाकावर घसरायचा. म्हणून त्यांना मुलगी हवी होती.

मी लोह्याकडच्या खेड्यातली. दुष्काळात विहिरी आटल्या, आईबाप कामावर जायचे, आणि टँकरपाशी घागरी लावून दिवसभर थांबायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आठवीत सुटलेली शाळा मग सुटलीच. पुढे मावशीनं लातूरला आणलं. काका नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई होते, त्यांनीच चाचांकडे शब्द टाकला.

काडी वाकवायची ती गरम करून, घाई केली की तुटते, हे मला चाचांनी शिकवलं. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्मही त्यांनीच आणला. मी म्हणाले, "चाचा, मला न्हाई जमायचं." ते भिंग पुसत म्हणाले, "काडी तरी कुठं जमत होती तुला? किती मोडल्या, मी बोललो का?" दहावी झाली. सकाळचं कॉलेज करून बारावी सायन्स झाली. डोळे तपासणारे डॉक्टर दुकानात आठवड्यातून एकदाच बसायचे. "तू शिकून आलीस की रोज नंबर काढशील," एवढं बोलून चाचांनी मला पुण्याला ऑप्टोमेट्रीच्या कोर्सला घातलं. माझ्या घरात तोवर कोणी नांदेडच्या पलीकडे शिकायला गेलं नव्हतं.

पुण्यात मला सतत धास्ती असायची, की कोणीतरी उठवून म्हणेल, तू इथं कशी. तास इंग्रजीत चालायचे. रात्री वही उघडली की अर्धे शब्द माझ्याच अक्षरात असून वाचता यायचे नाहीत. पण नजर तपासायची पाटी समोर आली की जीव शांत व्हायचा. ती मला ओळखीची होती.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत दुकानात गेले तर चाची काळजीत होत्या. "ह्यांना काय झालंय बघ गं. चहाचा कप ठेवतात ते टेबलाच्या कडेच्या बाहेर. सायकल बी इकून टाकली. डॉक्टरकडं चला म्हणलं तर ऐकत न्हाईत."

"वय झालं," चाचा म्हणाले.

मला तर कोणाला तरी तपासायचंच होतं. मी त्यांना ठरल्या अंतरावर स्टुलावर बसवलं. एक डोळा तळहातानं झाकायला लावला, मग दुसरा. दोन्ही वेळा चाचांनी भिंतीवरच्या पाटीवरचं मोठं अक्षर सांगितलं, दुसरी ओळ सांगितली आणि शेवटची बारीक ओळसुद्धा सांगितली, कुठं न अडखळता. मी कागदावर दोन्ही डोळ्यांपुढं सहा बाय सहा लिहिलं, म्हणजे नजर पूर्ण चांगली, आणि खाली ऐटीत सही केली. चाचांनी तो कागद काउंटरच्या काचेखाली सरकवला. "घे," ते चाचींना म्हणाले, "आता डॉक्टरीणबाईंचं तरी ऐक."

तिसऱ्या वर्षी दवाखान्यात आमची पाळी लागली. मॅडमनी एका म्हाताऱ्यांना समोर बसवलं, माझ्या नाकाकडं बघा म्हणाल्या आणि बाजूनं बोट हळूहळू आत आणलं. बोट अगदी समोर येईपर्यंत त्यांना दिसलंच नाही. मॅडम म्हणाल्या, काचबिंदू असा कडेकडेनं नजर खातो, दुखत नाही, माणसाला पत्ता लागत नाही. मला टेबलाच्या कडेबाहेर ठेवलेला तो कप आठवला. मग दुकानातली ती पाटी आठवली. तीस वर्षं ती एकच पाटी त्या भिंतीवर होती. हजारो माणसांनी ती चाचांपुढं वाचली होती. त्यातलं अक्षर न अक्षर त्यांना पाठ होतं. आणि हे मला माहीत होतं. दुकानात कितीदा पाटीकडे पाठ करून त्यांनी गिऱ्हाइकाची चूक काढलेली मी ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूरला गेले. नवी पाटी सोबत नेली होती. उजव्या डोळ्यानं चाचांना तिच्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही सांगता आलं नाही. डाव्यापुढं बोट नाकाच्या रेषेत आलं तेव्हा म्हणाले, "हां, आता दिसलं." मी बोट खाली घेतलं. त्यांनीच विचारलं, "कवापासून असंल?"

"तेव्हापासून. मी तपासलं तेव्हा बी असणार."

"तेव्हा धुकं होतं थोडं," ते म्हणाले. "पण अक्षरं सांगता येत होती ना. मला वाटलं, दिसायलंय."

चाचींनी काचेखालचा कागद काढला, घडी करून फडताळात ठेवला. "मी किती येळा म्हणलं चला. दर टायमाला ह्या कागदावर बोट ठेवायचे," एवढंच त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले. उरलंय ते टिकवू म्हणाले. गेलेलं येणार नाही, हे मला त्यांनी वेगळं सांगितलं, शिकणारी म्हणून. दीड वर्षापूर्वी आणलं असतं तर, हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मी चाचांना म्हणाले, परीक्षा राहू दे, मी इथंच थांबते, दुकान बघते. चाचा पहिल्यांदाच चिडले. "एकदा पाण्यापायी शाळा सोडलीस. आता माझ्यापायी सोडणार? उद्या आणखी कुणाला कागद लिहून देशील, तो तरी खरा लिही."

स्टँडवर पोचवायला ते चाचींचा हात धरून आले. गाडी सुरू झाली तसा त्यांनी हात वर केला. मी ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत होते, ते पाठीमागच्या खिडकीकडं बघून हसत होते. मी हाक मारली, "चाचा, इकडं." गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्या खिडकीतल्या अनोळखी बाईनं, काय वाटलं कोण जाणे, त्यांना हात केला.